नऊ ओळींची परवानगी

फॉर्ममधला चौथा प्रश्न साधा होता. हा कोड पूर्णपणे तुमचा स्वतःचा आहे का? स्नेहलने लिहिलं होतं, "नाही. आकडे बाबांचे आहेत."

मी कपाळाला हात लावला.

माझं काम असं. ओपन सोर्स म्हणजे कुणालाही वापरता येईल असा कोड. वापरायच्या अटी असतात, त्याला लायसन्स म्हणतात. आमच्या कंपनीतल्या कुणी अशा प्रोजेक्टला चार ओळी जरी द्यायच्या म्हटल्या, तरी त्या दुसऱ्या कुणाच्या नाहीत ना, हे मी तपासते. कंपनी पुण्यात, मी मालवणात घरून.

स्नेहल आमच्याच कंपनीतली, तारकर्लीची. भरतीची वेळ सांगणाऱ्या एका ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये तिला चूक सापडली होती. बंदरातली वेळच तो खाडीच्या तोंडालाही दाखवायचा. खाडीत पाणी उशिरा चढतं, आणि किती उशिरा ते तिथीप्रमाणे बदलतं. तिच्या भावाने वडिलांना न विचारता त्या वेळेच्या भरवशावर होडी आत आणली आणि ती वाळूवर चढून फुटली. माणसं वाचली. नारळी पौर्णिमेनंतर तो पुन्हा तोच फोन बघून जाणार होता. दुरुस्ती होती नऊ ओळींची; त्यात कोणत्या तिथीला किती उशीर, ते आकडे तिने वडिलांकडून ऐकून घातले होते.

"मॅडम, ते उत्तर खोडू का?" स्नेहलने फोनवर विचारलं.

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. त्याची अजून लाज वाटते. "नको, थांब," म्हटलं आणि पुण्याला आमच्या वकिलांना फोन लावला.

"वडील थर्ड पार्टी झाले, म्हणजे बाहेरचे हक्कदार," ते म्हणाले. "आकडे माझे आहेत आणि वापरायला माझी परवानगी आहे, अशी त्यांची सही आणा."

कागद घेऊन मी तारकर्लीला गेले. स्नेहलचे वडील जाळं दुरुस्त करत होते. मजकूर वाचून दाखवला. त्यांनी पेन मला परत दिलं.

"ह्या माजा म्हणान सही करू? मगे बंदरार तोंड कसा दाखवू, बाय? माका माज्या बापाशीन सांगल्यान. हयसर सगळ्यांका ठावक आसा."

"पण काका, सही नसली तर काम अडतला."

"अडांदे. खोटा कसा लिवू?"

मी चिडूनच रिक्षात बसले. अर्ध्या वाटेत डोक्यात प्रकाश पडला. रिक्षा थांबवून वकिलांना फोन केला.

"सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट एकाच्या मालकीची कशी? कॉपीराइट लिहिलेल्या ओळींवर असतो. त्या ओळी स्नेहलच्याच आहेत."

त्यांनी विचारलं, "आणि त्यांनी सही केली असती तर?"

"तर आपणच एक मालक उभा केला असता. मग त्याचं वेगळं लायसन्स, वेगळे कागद. तोवर होड्या पाण्यात."

संध्याकाळी वकिलांकडून परवानगी आली. प्रोजेक्टवाल्यांनीही ओळी घेतल्या.

नारळी पौर्णिमेनंतर मी मुद्दाम बघायला गेले. भाऊ फोनवरची वेळ धरून खाडीत शिरला, कुठेही न घासता. वडील किनाऱ्यावर उभे होते.

"बरा झाला," ते म्हणाले. "आता पाण्याची येळ माका कोण इचारूचो नाय."

आमच्या फॉर्ममध्ये अकरा प्रश्न आहेत. देणाऱ्याकडे काय उरलं, हा त्यात नाही.