दत्तप्रसादांना वजा आवडत नसे

बिबवेवाडीत एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दत्तप्रसादांची वेबसाइट बनवणारी कंपनी होती. कंपनी म्हणजे चार टेबलं, एक एसी आणि स्वतः दत्तप्रसाद. एसी अधूनमधून बंद पडायचा, दत्तप्रसाद कधीच नाही. कोड लिहायची खडकीहून येणारी तरन्नुम, कारण साहेबांना वेबसाइटमधले फक्त रंग कळायचे.

शैलाताईंचा फुरसुंगीला आइस्क्रीमचा छोटा कारखाना होता. तिथल्या कोल्ड रूमचं तापमान मोबाइलवर दिसावं म्हणून त्यांनी इथे काम दिलं. तरन्नुमने पेज तयार केलं आणि स्क्रीनवर आकडा आला, उणे अठरा.

"ते वजा काढ. अशुभ दिसतं," दत्तप्रसाद म्हणाले.

"सर, तापमान आहे ते."

"जावास्क्रिप्टमध्ये मॅथ डॉट एबीएस असतं ना? लाव ते. मी व्हिडिओ पाहिलाय."

अर्धाच पाहिला असणार, तरन्नुमला वाटलं. एबीएसने संख्येचं केवल मूल्य मिळतं. ती शून्यापासून किती लांब हे कळतं, कुठल्या बाजूला ते कळत नाही. तिने हे समजावून सांगितलं तेव्हा साहेब पेजच्या निळ्या रंगात रमले होते. शेवटी तिने एबीएस लावलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी कारखान्याला सुट्टी असताना कॉम्प्रेसर बंद पडला. शैलाताई साताऱ्याला लग्नात होत्या. सकाळी त्यांनी मोबाइल पाहिला, अठरा. संध्याकाळी पाहिला, अठरा. मधल्या वेळात पारा शून्य ओलांडून दुसऱ्या बाजूच्या अठरावर पोचला होता. सोमवारी दार उघडलं तर आंबा आइस्क्रीम उंबऱ्याबाहेर वाहत आलं.

त्या तडक ऑफिसात आल्या. "तुमचं पेज अठरा दाखवत होतं."

"मग बरोबरच होतं मॅडम. अठराच होतं," दत्तप्रसाद म्हणाले. मग शैलाताईंच्या चेहऱ्याकडे बघून पुढे म्हणाले, "कोड तरन्नुमचा आहे."

"सरांना वजा अशुभ वाटलं, म्हणून काढलं," तरन्नुम शांतपणे म्हणाली.

शैलाताईंनी साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अहो, अशुभ बघायचंय? कारखान्यात या. गमबूट घालून या."

तरन्नुमने वजा परत आणलं. एबीएस ठेवलं ते योग्य जागी: हवं ते तापमान आणि असलेलं तापमान यांच्यातल्या फरकाला. तापमान कुठल्याही बाजूला फार सरकलं की आता फोन वाजणार होता. इशारा लाल नको, गुलाबी कर, अशी साहेबांची सूचना आली. तिने लालच ठेवला.

पावसाळ्यात शैलाताईंनी पुढचं सगळं काम थेट तरन्नुमलाच देऊ केलं. तिने राजीनामा दिला तेव्हा दत्तप्रसाद दुखावले.

"सगळं मीच शिकवलं तुला," ते म्हणाले.

"हो सर, वजासकट," ती म्हणाली आणि डबा पिशवीत टाकून जिना उतरली.