डागमास्तरांचा नवा कॉम्प्युटर

आमच्या खालच्या मजल्यावर फोटो स्टुडिओ आहे आणि त्याचे मालक म्हणजे डागमास्तर. हे नाव मीच ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं खरं नाव वाचून "हे कोण हो?" असं विचारतो. मुरूम, व्रण, रडून सुजलेले डोळे, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर नाहीसं व्हायचं. माझी दुसरी हनुवटी तर त्यांनी लोकांपासून इतकी वर्षं लपवली की आरशात दिसली तर मलाच परकी वाटते. पासपोर्टच्या फोटोला मात्र हात लावायचे नाहीत. "वहिनी, तिथे खरं तेच," म्हणायचे. मी म्हणायचे, "मग माझं परदेशात जाणं रद्द."

त्यांच्या कामाची एक रीत होती. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी एकच फोटो उघडायचा. ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, नव्या नवरीपणातला. खिडकीशी बसलेल्या, अंगात लिंबासारखा पिवळा स्वेटर, गालावर ऊन. त्या चेहऱ्याचा रंग त्यांना पाठ होता. तो बरोबर दिसला की मशीन ठीक, मगच गिऱ्हाइकाचं काम. ताईंचीही एक रीत होती. चहा घेऊन यायचं, फोटोकडे बघायचं आणि म्हणायचं, "नाक केवढं मोठं आलंय! जगाचे डाग काढता, बायकोचं नाक तेवढं कमी करवत नाही." ते म्हणायचे, "नाक खरं आहे." विषय संपला. हे मी जिन्यातून इतक्या वेळा ऐकलंय की एखाद्या सकाळी ऐकू आलं नाही तर वाटायचं, आज दोघांचं वाजलेलं दिसतंय.

बिघाड सुरू झाला तो शर्टांपासून. डागमास्तर म्हणायला लागले, शर्ट पांढरे निघत नाहीत, पिवळट दिसतात. ताईंनी नीळ घातली. तरी पिवळट. आणखी नीळ घातली. शेवटी दोरीवर असे निळे शर्ट फडफडायला लागले की मी गॅलरीतून ओरडले, "ताई, भाऊजींचं नाव शाळेत घातलंत की काय?" अख्खी गल्ली हसली. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. मग स्टुडिओतली ट्यूब पिवळी पडली म्हणून बदलली. नवीही पिवळी निघाली. "हल्ली मालच असा येतो," असं म्हणून मास्तरांनी सगळ्या कारखानदारांना एका दमात झोडपलं.

आणि मग माणसं निळी पडायला लागली. म्हणजे फोटोतली. बारशातलं बाळ, निवृत्त झालेले हेडमास्तर, सगळे जणू थंड पाण्यातून नुकतेच वर काढलेले. मी एक लग्नाचा फोटो पाहून म्हटलं, "भाऊजी, नवरी फ्रीजमध्ये ठेवली होती का?" ते फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले. "मला तर ठीक दिसतेय," म्हणाले. मग म्हणाले, "मशीन म्हातारं झालंय."

ते लग्न म्हणजे मोसमातलं एकच मोठं काम हाताशी आलेलं. नवरीची आई अल्बम परत घेऊन आली. ओरडली नाही, हेच वाईट. एकेक पान उलटत म्हणाली, "माझी मुलगी आजारी दिसतेय हो. पाहुण्यांना काय दाखवू?" मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात मुलगी सासरहून येतेय, तोवर नीट करून द्या, नाहीतर दुसरीकडे देते. बाई बोलक्या; त्यांच्या ओळखी माझ्याहून जास्त, यावरून काय ते समजा. हा अल्बम हुकला तर स्टुडिओचं शटर पुन्हा कुणासाठी वर करायचं, हा प्रश्नच होता. मेकॅनिक येऊन गेला, वायरी बदलल्या, मॉनिटर बदलला. चेहरे निळेच. तेव्हा ठरलं, अख्खा कॉम्प्युटरच नवा घ्यायचा.

मला सोबत नेलं ते दुकानदाराशी घासाघीस करायला. माझ्या तोंडाचा उपयोग असा गल्लीबाहेरही होतो. वाटेत मास्तर फार खुशीत होते. प्रोसेसर कसला हवा, मेमरी किती, फोटोच्या कामाला मॉनिटर का महाग घ्यावा लागतो, सगळं मला समजावून सांगितलं. मला कळलं एवढंच, की मुलगी बघायला निघालेल्या मुलासारखं त्यांनी केसांना तेल लावलं होतं. ताई मागून चालत होत्या, पर्स छातीशी धरून.

दुकानदार जाडगेला, बोलघेवडा. तीन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडलेले. मास्तरांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि पहिल्यावर ताईंचा फोटो उघडला.

अहो, काय दिसत होत्या ताई! गालावरचं ऊन हाताला लागेल असं. स्वेटर असा की तोंडाला पाणी सुटावं.

"पिवळा मारतोय," मास्तर म्हणाले.

दुसरा. "हाही तसाच." तिसरा. "छे! हाही तसलाच."

"भाऊजी, तीन घरं फिरवलीत, मुलगी कुठेच नांदत नाही म्हणता," मी म्हटलं. "मुलीत खोट नाही, घरांत नाही, मग बापातच बघायला हवी."

मी आपलं नेहमीसारखं बोलून गेले. दुकानदार खो खो हसला. मास्तरही हसले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांना ठाऊक होतं. निळीची पुडी हातात धरणाऱ्या बाईला कसं ठाऊक नसेल?

"काका," दुकानदार म्हणाला, "हा सगळ्यात भारी आहे. तुम्हाला हवा तसा रंग तुम्हीच लावून घ्या की."

मास्तर खुर्ची पुढे ओढून बसले. माउस हातात आला तसा हात लगेच सराईत झाला. हळूहळू, अगदी सावकाश, पिवळा काढत गेले. गालावरचं ऊन विझलं. स्वेटरचा रंग राखेसारखा झाला. ओठ निळे पडले. खिडकीशी बसलेली ती हसरी मुलगी आमच्या डोळ्यांदेखत गारठत गेली, आणि मास्तर खुललेल्या चेहऱ्याने म्हणाले, "आता! आता आली बघा. हीच ती."

दुकानदाराचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे.

"बघ गं," मास्तर ताईंना म्हणाले, "बरोबर आहे ना?"

ताई पुढे झाल्या. स्वतःच्या त्या प्रेतासारख्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"हो," म्हणाल्या. "छान आलाय फोटो."

मास्तरांनी मान वळवली. "छान?"

"हो."

"आणि नाक?"

"नाकही छान आलंय."

माउसवरचा हात निघाला. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुम्ही आज एवढ्या गप्प कशा?"

माझ्या तोंडाला कधी नव्हे ते कुलूप लागलं होतं. मेला एखादा फालतू विनोदही सुचू नये? मास्तरांनी उत्तराची वाट पाहिली, मग पेन ड्राइव्ह काढला, त्याचं टोपण शोधून नीट बसवलं आणि उठले. "मशीन चांगलंय हो तुमचं," दुकानदाराला म्हणाले. "मला नको."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ताईंनी नेलं. मोतीबिंदू आहे, तो काढता येईल, पण त्याच्या मागे जे खराब झालंय ते आता भरून येणार नाही, असं निघालं. मास्तरांनी फक्त विचारलं, "रंग?" डॉक्टर म्हणाले, "दिसतंय तेवढं सांभाळू." अल्बम दुसरीकडे गेला. नवरीच्या आईने कुणाला काही सांगितलं नाही. मला तिच्याबद्दल उगाच वाईट बोलल्यासारखं झालं. पण लोक यायचे थांबले ते थांबलेच. आधीचे निळे फोटो घरोघर पोचलेच होते.

ताईंनी नीळ बंद केली. शर्ट पुन्हा पांढरे झाले आणि मास्तरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

अजूनही सकाळी शटर अर्धं वर होतं. जुना कॉम्प्युटर सुरू होतो, तो फोटो उघडतो, आणि पुढे काही होत नाही. मास्तर नुसते समोर बसतात. ताई चहा घेऊन येतात आणि मुद्दाम मोठ्याने म्हणतात, अगदी वरच्या मजल्यावर मला ऐकू जाईल असं, "नाक केवढं मोठं आलंय बघा!"

मी जिन्यात थांबते. थोडी वाट बघते. खालून उत्तर येत नाही.