लांबची मेंढरं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सदाशिव जाऊन महिना होत आला, अजूनही टाळलंच असतं. पण जतला त्याच्या शाळेत शोकसभा झाली, तिथं एकजण उठून म्हणाला, "सरांना फोटोग्राफीची फार हौस, पण बिचाऱ्यांची नजर अधू." सगळे हळहळले. माझ्या मस्तकात तिडीक गेली. चित्रकलेच्या मास्तरला अधू नजरेचा म्हणता? पण ओरडणार कुणावर... ते वाक्य पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, रोलच्या कॅमेऱ्यांचे दिवस. मी सांगलीत विश्रामबागला राहायचो, बँकेत होतो, आणि आमच्या हौशी मंडळात कॅमेऱ्याविषयी शेवटचा शब्द माझा, असा माझा तोरा होता. सदाशिव कॉलेजपासूनचा मित्र. बाप मेंढरांमागं फिरलेला, हा जतला ड्रॉइंग मास्तर. त्याला एकच फोटो हवा होता : माळाच्या पार टोकाला, आभाळाला टेकलेला कळप. त्यासाठी लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा घ्यायला आम्ही साताऱ्याला गेलो. एक वयस्कर फोटोग्राफर स्टुडिओ कायमचा बंद करत होते. कॅमेरा देताना ते म्हणाले, "लेन्स मात्र ह्याच कंपनीची घ्या. मिळेपर्यंत थांबा." माझ्याकडे दुसऱ्या कंपनीची लांब पल्ल्याची लेन्स पडून होती. मी म्हटलं, "मध्ये जोडणीची रिंग लावली की कुठलीही बसते. लेन्स माझी, रिंगही मीच देतो." सदाशिव खूश. "तू म्हणतोस तवा बसंलच की गड्या!"

बसली. खटकन बसली.

काही आठवड्यांनी तो फोटो घेऊन सांगलीला आला. जवळच्या मेंढराची लोकर न् लोकर दिसत होती, लांबचा कळप म्हणजे पिंजलेला कापूस. "लांबचं येतच न्हाई रं. फोकस पार शेवटापत्तूर फिरवला." मंडळातले लोक बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "कॅमेऱ्यात खोट काढू नकोस. आधी डोळे तपासून घे."

"तरीच मास्तर, तुमच्या पोरांना चित्रकलेत पैकीच्या पैकी!" कुणीतरी टोमणा मारला. सगळे हसले. सदाशिवही हसला.

आणि तो खरंच गेला तपासायला! याचा मला आजही संताप येतो. समोरच्या टेकडीवरचं आपलं मेंढरू ओळखणारा माणूस, अरे, भांडायचंस की माझ्याशी! डोळे तपासणीच्या शिबिरात बारीकसा नंबर निघाला, कुणालाही निघतो तसा. नाकावर चष्मा आला आणि कॅमेरा खुंटीला गेला.

पुढं तसलीच रिंग मी एकाच्या कॅमेऱ्यावर लावून पाहिली. लांबचं झाड धूसर. फोकस शेवटपर्यंत फिरवला, तरी धूसरच. रिंगेमुळं लेन्स कॅमेऱ्यापासून केसभर पुढं सरकते, मग जवळचं स्वच्छ येतं आणि लांबचं कधीच येत नाही. त्याच दिवशी जतची एसटी धरायला हवी होती. मंडळात नाक खाली गेलं असतं, दुसरं काय? तेवढंही मला झेपलं नाही. थू माझ्या त्या तोऱ्यावर.

गेल्या उन्हाळ्यात त्या कॅमेऱ्याची खरी लेन्स कुठूनशी मिळवली आणि सांगायचंच असं ठरवून जतला गेलो. कॅमेरा खुंटीलाच होता, माझ्या रिंगेसकट. वहिनींनी पुसून लख्ख ठेवलेला. आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. सदाशिवनं चष्मा कपाळावर सरकवला आणि माळाकडं बघत म्हणाला, "महादू येतोय बघ. काठी डाव्या हातात हाय, म्हंजे गुडघा पुन्ना धरलाय गड्याचा."

मला नुसता ठिपका दिसत होता.

"सदा..."

"काय रं?" त्यानं चष्मा नाकावर ओढला आणि माझ्याकडं पाहिलं.

"काही नाही. चहा झकास झालाय."

लेन्स तशीच परत आणली. ती पिशवी अजून माझ्या दारामागं टांगलेली आहे. येता-जाता धक्का लागतो, आणि तेच अर्धं राहिलेलं वाक्य तोंडात येतं... सदा, ती रिंग माझी होती रं.