आई "नाय" का म्हणत होती

"गँग्रीन आहे," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. पाय आईचा होता, आणि आई समोरच बसली होती.

गँग्रीन म्हणजे रक्त न पोचल्यामुळे मांस मरतं आणि काळं पडतं. आईला जुना मधुमेह. आमच्या गावी, जासईला, अंगणात अनवाणी फिरताना डाव्या पायाला काहीतरी लागलं, ते तिला कळलंच नाही. मधुमेहात पायाची जाणीव जाते, त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. बोटाचा रंग बदलला तरी ती हळद लावून गप्प बसली. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांचे तळवे रोज स्वतः बघा, त्यांच्या "काय नाय"वर विसंबू नका.

तिला पनवेलला दाखल केलं. डॉपलर झाली, म्हणजे पायात रक्त कुठवर वाहतंय ते बघायची तपासणी. डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं काढली तर पाऊल वाचेल. उशीर केला तर गुडघ्याखाली कापावं लागेल, कदाचित जिवावरही बेतेल."

आई म्हणाली, "नाय."

मी समजावलं, भावाने समजावलं, मामा येऊन ओरडून गेला. ती ऑपरेशनला घाबरते, असं आम्ही धरूनच चाललो होतो. सिस्टर वाईट नव्हत्या, पण एकेकीच्या अंगावर अर्धा वॉर्ड. त्या मलाच विचारायच्या, "पेशंट जेवल्या का? झोप लागली का?" आणि मीही पोपटासारखी उत्तरं द्यायचे. आईने जेवण टाकलं. पायावर चादर ओढून ती भिंतीकडे तोंड करून पडली. ताप चढत होता आणि मी आतून पार खचले होते.

मग वॉर्डात रेश्मा सिस्टर आल्या. नागपूरकडच्या, आवाज जरा चढाच. सवयीने मी बोलायला लागले तर म्हणाल्या, "तुम्ही थांबा. मी आईंना विचारतेय."

खरं सांगते, मला राग आला.

त्या स्टूल ओढून बसल्या. पट्टी बदलताना काय करतायत ते आईला सांगत राहिल्या. आता पाणी सोडते, आता कापूस लावते, कुठे जाणवलं तर सांगा. शेवटी विचारलं, "आई, नेमकी कशाची भीती वाटते?"

आई भिंतीकडून सिस्टरकडे वळली. मग म्हणाली, "ऑपरेशनला सगला दागिना काढाला लावतात. जोडवी पन. यांना दोनदा ॲटॅक आला हाय. मी जोडवी काढली नि मी आत असताना यांना काय झाला तं?"

मला रडूच फुटलं. स्वतःचा पाय सडत होता आणि ही बाबांचा जीव राखत बसली होती.

सिस्टर हसल्या नाहीत, अंधश्रद्धा वगैरे म्हणाल्या नाहीत. "काढावी तर लागतीलच," त्यांनी सरळ सांगितलं, "आत विजेचं मशीन वापरतात, धातूने भाजू शकतं. पण तुम्ही आत असाल तोवर बाबांना मी माझ्यासमोर बसवते, त्यांचं बीपी बघत राहते. चालेल?"

बाहेरच्या बाकावरून बाबांना बोलावलं. गुडघे दुखत असताना ते तिच्या पायाशी खाली बसले. "मीच काढतो," म्हणाले. "मी काय कुठं जात नाय." डाव्या पायातलं जोडवं सुजेत रुतलेलं होतं, ते सिस्टरनी हलक्या हाताने कापलं. आईने बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सही करायला पेन मागितलं.

दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. आता ती मऊ तळाची चप्पल घालून हळूहळू चालते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर चांगले डॉक्टर शोधाच. पण पेशंटच्या वाटची उत्तरं तुम्ही देऊ नका, आणि कुणा सिस्टरने तुम्हाला गप्प बसवलं तर तिचे आभार माना. मी मानले, जरा उशिराच.

परवा शेजारची काकू बघायला आली. "हास्पिटल कसा व्हता गो?" तिने विचारलं. मला वाटलं, आता आई एसीचं, मोठ्या डॉक्टरांचं सांगेल.

आई म्हणाली, "चांगला व्हता. मना ईचारला त्यांनी."