प्रकरण तिसरे : संशोधन पद्धती

आमच्या शेजारच्या सरांइतका प्रामाणिक माणूस बारामतीत झाला नाही, आणि त्या प्रामाणिकपणाने त्यांचं जेवढं वाटोळं केलं तेवढं एखाद्या व्यसनानेही केलं नसतं. ते कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. माझी टायपिंग इन्स्टिट्यूट त्यांच्या खोलीच्या खालीच, त्यामुळे नव्वदीच्या दशकातली चांगली पाच-सहा वर्षं मी त्यांच्या पीएच.डी.चं तिसरं प्रकरण टाइप करत होतो. विषय होता उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं जुनं पळसदेव आणि तिथून उठलेली माणसं. कुणाला विचारायचं, काय विचारायचं, कसं विचारायचं, हे तिसऱ्या प्रकरणात ठरायचं होतं. आणि ते ठरेपर्यंत एकालाही काही विचारायचं नाही, असा सरांचा दंडक.

भेंडी घेतानासुद्धा ते टोपलीच्या चारी कडांची आणि मधली एकेक मोडून बघत. भाजीवाली त्यांना लांबूनच हात जोडायची. लग्नासाठी मुलगी पाहायला गेले तेही प्रश्नावली घेऊन; पाचव्या प्रश्नाला मुलीच्या वडिलांनी चहाचे कप उचलले म्हणतात. सर एकटेच राहिले. एका 'परंतु'चा 'तथापि' करायला ते माझ्याकडून अख्खं पान पुन्हा टाइप करून घेत आणि मी वैतागलो की म्हणत, "पाया कच्चा राहिला तर सगळं पडतं हो."

दर रविवारी पळसदेवहून त्यांचे मामा येत. बुडालेल्या गावातल्या बौद्धवस्तीतलं घरन् घर माहिती असलेलं ते शेवटचं माणूस. भाच्याला ते कौतुकाने 'सर'च म्हणत.

"जयभीम. सर, झाली का रं तुजी तयारी?"

"थोडं राहिलंय, मामा."

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतंय. लोकं फोटू काढत्यात. आमची घरं मातीची, ती न्हाय येत वर. कुणाचं घर कुठं व्हतं त्ये मी सांगतो, तू लिवून घे."

एकदा मीच म्हणालो, मी उतरवून घेतो. सर घाबरले. "नको, एकदा सांगितलेलं माणूस दुसऱ्यांदा वेगळं सांगतं." मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

शेवटी प्रकरण मंजूर झालं : कुणाला विचारायचं ते चिठ्ठ्या काढून ठरवायचं. गावातल्या सगळ्या कुटुंबप्रमुखांच्या नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात भरल्या आणि त्रयस्थ म्हणून मी काढायला बसलो. पाचवी चिठ्ठी मामांची निघाली. मला आनंद झाला. सरांचा चेहरा उतरला.

"परत टाका."

"का?"

"लोक म्हणतील, भाच्याने स्वतःचंच माणूस घेतलं."

"अहो, पण निघालीय ना!"

त्यांनी ती स्वतःच्या हाताने घडी करून डब्यात टाकली आणि डबा हलवला. मामांचं नाव पुन्हा निघालं नाही.

रविवारी मामा आले. "माजं नाव निघालं का?"

"नाही निघालं," सर म्हणाले. जन्मात खोटं न बोललेला माणूस.

"असूं दे. फुडच्या येळंला निघंल."

दिवाळीच्या आधी मामा गेले. त्यानंतर सर प्रश्नावली घेऊन वस्तीत फिरले, तर जो तो सांगे, "त्ये मामास्नी ठावं व्हतं." महिन्याभराने ते माझ्यासमोर येऊन बसले आणि 'अभ्यासाच्या मर्यादा' सांगू लागले. मी टाइप केलं : 'चिठ्ठीने निवडलेला एक उत्तरदाता संशोधकाने वगळला व त्यास खोटे सांगितले.' मार्गदर्शकांनी वाक्याचा दुसरा भाग काढायला सांगितला. सरांनी काढला नाही. प्रबंध तिथेच राहिला.

आता सर थकलेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मला सोबत घेऊन पळसदेवला जातात. हातात मामांच्या नावाची एक कोरी प्रश्नावली असते. पहिलाच प्रश्न : 'जुन्या गावात आपले घर नेमके कोठे होते?' समोर देऊळ स्वच्छ दिसतं. बाकी सगळा गाळ. आम्ही दोघं काठावर उभे असतो, आणि कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहायचं, ते आम्हाला कळत नाही.