ओव्हर म्हणजे आता तू बोल

बोलणं झालं की ते थांबायचे, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "ओव्हर." भाजीवालीशी, डॉक्टरांशी, घरात बायकोशीसुद्धा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामातला एखादा शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा राहतो. हे मिरकरवाडा बंदरावरचे माझे शेजारी. जन्म मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेलकी करण्यात, बोट हाकण्यात गेलेला. तिथे वायरलेसवर एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याला बोलता येत नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. एकदा त्यांना सांगितलं, हा 'ओव्हर' आणि आपला 'वर' फार जुन्या काळी एकाच शब्दातून निघाले.

"म्हणजे नात्यातलाच निघाला की!" ते खूश झाले. "ओव्हर."

पुढे ट्रॉलर मुलाने हातात घेतला. एका वादळात तो परतलाच नाही. मुलाचा शेवटचा आवाज किनाऱ्यावरच्या वायरलेसवर यांनीच ऐकला. "बाबा, पाणी आत येतंय. काय करू? ओव्हर." यांनी ओरडून ओरडून सांगितलं. पलीकडून नुसती खरखर. ट्रॉलरच्या फळ्या नाटे गावाजवळ किनाऱ्याला लागल्या. मुलगा सापडला नाही.

क्रियाकर्माचा विषय निघाला की ते उठून जायचे. सुनेचे वडील राजापूरहून तिला न्यायला आले. समजावत म्हणाले, "तो स्वतःच म्हणाला ना, ओव्हर? म्हणजे संपलं."

ते तडक माझ्याकडे आले. "सर, पुस्तकात बघा."

मी शब्दकोश वाचत गेलो. वर. पलीकडे. उरलेलं. संपलेलं. आणि वायरलेसवर : माझं झालं, आता तुम्ही बोला.

"ह्योच," ते म्हणाले. "पोरानं तांडेलाला नाय, बापाला विचारलान, सर. तो ऐकायला थांबलाय."

मग एका दुपारी त्यांना सून जेटीवर दिसली. आत येणारी एकेक होडी निरखत उभी होती.

"माहेरी का जात नाहीस?"

"तुम्ही थांबलाय. मी कशी जाऊ?"

त्याच आठवड्यात त्यांनी मुलाचं क्रियाकर्म केलं. तो शब्द नंतर त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. सुनेसाठी स्थळ त्यांनीच शोधलं, कन्यादानही त्यांनीच केलं. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी बसून ते लहान मुलासारखे रडले.

गेल्या वर्षी ते गेले. ती नवऱ्याबरोबर धावत आली. "खांदा मी देणार," म्हणाली. कुणी अडवलं नाही. उतारावर तिला ओझं पेलेना, तेव्हा नवऱ्याने मागून हात लावला. पण तिने खांदा काढला नाही.