पिवळ्या हातांची बाई

"माय, उतर खाली. तिकडं पिवळा ताप असतोय, मरशील!" वसमतच्या स्टँडवर बसच्या खिडकीला लटकून पोरगा ओरडत होता. त्याची आई माझ्या शेजारी, मच्छरदाणीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. जन्मभर हळद शिजवून तिचे हात असे पिवळे झाले होते, की तिनं काचेवर पंजा टेकवला आणि मागच्या चौघांनी ऊन लागतंय म्हणून डोक्यावर रुमाल घेतले.

"लस टोचून आले मुंबईहून," ती म्हणाली. "आन् पिवळ्याचं मला काय सांगून राहिला? त्यो ताप मला बघून लाजंल."

"तिकडं दवाखाने हायेत की. तू काहून?"

"दवाखान्याला माय म्हणंल का माझी लेक? पहिलं बाळंतपण हाय तिचं."

गाडी हलली, पोरगा मागं राहिला. मी नांदेडला निघालो तरी घरच्यांना रडवून निघतो. ही बाई पदर खोचून सरळ समोर बघत होती.

कंडक्टर आला. "कुठं, मावशी?"

"युगांडा."

"गाडी नांदेडपर्यंतच हाय."

"मग नांदेडचं एक बायांचं अर्धं तिकीट द्या."